बातमीत आहोत, बातमीदारांत नाही

मराठी वृत्तपत्रांत मुसलमान रोज असतो. तो दंगलीत असतो, बॉम्बस्फोटात असतो, तलाकच्या चर्चेत असतो. निवडणूक आली की 'गठ्ठा मतदाना'त असतो आणि ईदच्या दिवशी गळाभेटीच्या छायाचित्रात असतो. फक्त एका जागी तो शोधूनही सापडत नाही. ती जागा म्हणजे बातमी लिहिणाऱ्याची, मथळा देणाऱ्याची आणि कोणती बातमी कोणत्या पानावर जाईल हे ठरवणाऱ्याची खुर्ची. या गैरहजेरीबद्दल आमच्या सभा-संमेलनांत दरवर्षी ठराव होतात, मालकांना आणि संपादकांना दूषणे दिली जातात. ती देण्याजोगी आहेतच. पण ही गैरहजेरी वृत्तपत्राच्या कचेरीत सुरू होत नाही. ती सुरू होते विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागात, प्रवेशाच्या यादीपाशी. म्हणून आमचे भांडण दोघांशी आहे. एक, पत्रकारितेची पदवी देणाऱ्या विद्यापीठांशी. आणि दोन, ती पदवी आपल्या मुलामुलींसाठी नाहीच असे गृहीत धरून बसलेल्या आमच्याच सुशिक्षितांशी.

आधी वस्तुस्थिती पाहू. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी वृत्तपत्रे व वाहिन्यांमधील, निर्णय ज्यांच्या हाती असतात अशा ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यांत ७१ टक्के उच्चवर्णीय हिंदू पुरुष निघाले. मुसलमान ३ टक्क्यांच्या आसपास. दलित आणि आदिवासी एकही नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, १९९६ मध्ये, बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत एक तरी दलित पत्रकार सापडतो का याचा शोध घेतला होता आणि त्यांची निराशा झाली होती. म्हणजे हे दुखणे एकट्या मुसलमानाचे नाही. वेशीबाहेर ठेवलेल्या सर्वांचे ते समान दुखणे आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो याच कारणासाठी. आपले म्हणणे दुसऱ्याच्या पत्रात छापून येईल अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले होते. दिल्लीची शिरगणती झाली. मराठी वृत्तसमूहांनीही आपापल्या कचेऱ्यांतली शिरगणती करून ती स्वतःच्याच पहिल्या पानावर छापावी, असे आमचे त्यांना जाहीर आवाहन आहे. इतरांच्या आरक्षणावर अग्रलेख लिहिणाऱ्यांना एवढे धैर्य असायला हरकत नसावी.

पत्रकारिता हा मुसलमानांचा पिंडच नाही, असे सांगणारे विद्वानही आम्हाला भेटतात. त्यांना इतिहास ठाऊक नसतो, कारण तो त्यांना कोणी शिकवलेला नसतो. मौलवी मुहम्मद बाकर यांनी 'देहली उर्दू अखबार' चालवला आणि १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना ठार केले. हसरत मोहानींनी १९०३ मध्ये 'उर्दू-ए-मुअल्ला' सुरू केले आणि त्यातल्या एका लेखापायी १९०८ मध्ये तुरुंगवास पत्करला. मौलाना आझादांच्या 'अल-हिलाल'ने १९१२ मध्ये कलकत्त्यात सरकारची झोप उडवली. मराठीतच पाहायचे तर हमीद दलवाई आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त पत्रकार होते. त्यांच्या विचारांशी ज्यांचे हाडवैर आहे त्यांनाही त्यांची फिरती आणि त्यांची चौकस नजर नाकारता येणार नाही.

आणि विद्यापीठातील पत्रकारितेच्या शिक्षणाचे काय? अड्यारला अ‍ॅनी बेझंट यांनी १९२० च्या सुमारास एक प्रयोग केला होता. त्यानंतरचा महत्त्वाचा प्रयत्न झाला तो १९३८ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात. सर शाह सुलेमान यांच्या पुढाकाराने तेथे वृत्तपत्रविद्येची पदविका सुरू झाली आणि रहम अली अल-हाशमी यांनी ती शिकवली. दोनेक वर्षांतच ती बंद पडली. मग १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंग यांनी विभाग उभा केला आणि फाळणीनंतर तो इकडे आला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग १९६४ चा, दिल्लीत जामिया मिल्लियाचे जनसंज्ञापन संशोधन केंद्र १९८२ चे आणि मुंबई विद्यापीठाचा बीएमएम हा पदवी अभ्यासक्रम २००० चा. या देशात पत्रकारिता विद्यापीठात शिकवावी हा विचार ज्यांनी फार आधी केला त्यांत अलीगढ होते. मराठी मुलुखातल्या त्याच समाजाची मुले आज या वर्गांत एका हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. याला दैव म्हणून चालणार नाही.

आता विद्यापीठांशी असलेले भांडण. वृत्तपत्रविद्येच्या पहिल्याच तासाला सहा ककार शिकवतात : कोण, काय, केव्हा, कोठे, का आणि कसे. बातमीचा उलटा मनोरा शिकवतात, म्हणजे महत्त्वाचे वर आणि किरकोळ खाली. प्रेस कायदे, छायाचित्रण, संपादन, जनसंज्ञापनाचे सिद्धांत, सगळे शिकवतात. यात वाईट काही नाही. पण ज्या राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार साडेअकरा टक्के, म्हणजे सव्वा कोटीहून अधिक मुसलमान राहतात, त्या राज्याच्या भावी बातमीदाराला त्यांच्याविषयी काय शिकवले जाते? बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, मुलाणी ही नावे त्याला नुसती आडनावे वाटतात. त्यांच्यामागे धंदे आहेत, जमाती आहेत, ओबीसी सवलतींची लढाई आहे, हे त्याच्या गावी नसते. कोकणातला मुसलमान घरात कोकणी बोलतो, मराठवाड्यातला दखनी, आणि दोघेही बाजारात मराठी बोलतात, हे त्याला नोकरी लागल्यावर कळले तर कळते.

त्याचा परिणाम रोजच्या अंकात दिसतो. मोहरमला शुभेच्छांच्या जाहिराती झळकतात. करबलाच्या शोकाचा हा दिवस, शुभेच्छा कसल्या देता? गंमत अशी की महाराष्ट्रातल्या किती तरी खेड्यांत मोहरमचे पंजे मराठे, धनगर, माळी उचलतात आणि पिराला नवस बोलतात. तिथल्या गावच्या वार्ताहराला हे पाठ असते. शहरातल्या डेस्कवर बसलेल्या पदवीधर उपसंपादकाला मात्र ते ठाऊक नसते. म्हणजे जे गाव जाणते ते विद्यापीठ विसरले. 'फतवा' या शब्दाची तीच गत. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेले मत. त्याला कायद्याचे बळ नाही, तो कोणावर लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये स्पष्ट केले. आमच्या वृत्तपत्रांत मात्र पालिका आयुक्तांपासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत कोणीही मनमानी हुकूम सोडला की 'फतवा काढला' असे छापतात. शब्द असा रोज वापरून वापरून वाचकाच्या मनात मुसलमान आणि मनमानी यांची गाठ पक्की बसते. आणि मदरसा? मुसलमानांची सगळी मुले मदरशातच जातात असा समज घेऊन बातम्या लिहिल्या जातात. सच्चर समितीने २००६ मध्येच सांगून ठेवले की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुले मदरशात शिकतात. उरलेली मुले पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या नाही तर खासगी शाळेत आहेत किंवा शाळेबाहेर मजुरीवर आहेत. खरी बातमी तिथे आहे. ती कोण लिहिणार?

शब्दांच्या चुका एकवेळ पोटात घालता येतील. पण ज्या चुकांत माणसांचे आयुष्य जाते त्यांचे काय? ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी मालेगावात स्फोट झाले. मशिदीत आणि कब्रस्तानापाशी नमाजासाठी, फातेहासाठी आलेली माणसे मेली. पुढे अटक झाली ती नऊ मुसलमानांनाच. त्यांना २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना खटल्यातून वगळले. तोपर्यंत त्यांतला एक जण हयातही राहिला नव्हता. अक्षरधाम प्रकरणात तिघांना फाशीपर्यंत नेले आणि सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. तपास करणाऱ्यांवर ताशेरेही ओढले. तो दिवस होता १६ मे २०१४, लोकसभेच्या निकालाचा. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर त्या सहा जणांना जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

ही अटकेची बातमी तयार कशी होते ते पाहा. पोलीस प्रेसनोट देतात किंवा अधिकारी चहा पिता पिता चार वाक्ये सांगतात. बातमीत ती 'सूत्रांनी सांगितले' या नावाने येतात. दुसऱ्या परिच्छेदात 'सूत्र' गळून पडते आणि आरोप सत्य होऊन बसतो. मथळ्यात 'मास्टरमाइंड' येतो. आरोपीच्या गल्लीत कोणी जात नाही, त्याच्या वकिलाला कोणी फोन करीत नाही, कारण डेडलाइन आठची असते. आठ-दहा वर्षांनी निकाल लागतो तेव्हा तो बातमीदार दुसऱ्या वृत्तपत्रात गेलेला असतो आणि सुटकेची बातमी आतल्या पानावर एका स्तंभात उरकली जाते. यात दरवेळी द्वेषच असतो असे आम्ही म्हणत नाही. बऱ्याचदा आळस असतो, घाई असते, पोलिसांशी संबंध बिघडण्याची भीती असते. पण गल्लीतून उचलून नेलेल्याच्या आईला द्वेषाने छापले काय आणि आळसाने छापले काय, दोन्ही सारखेच. आणि त्या स्फोटात ज्यांचे बाप, मुलगे गेले त्यांचीही फसवणूकच होते, कारण चुकीचा माणूस आत बसतो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा फिरत असतो.

म्हणून आमची विद्यापीठांकडे पहिली मागणी ही की सहा ककारांना सातवा जोडा : कोण म्हणते? हे पोलीस म्हणतात, पुढारी म्हणतो की आम्ही स्वतः जाऊन पाहिले आहे? अक्षरधामचे निकालपत्र वर्गात वाचायला लावा आणि त्याशेजारी अटकेच्या दिवशीच्या बातम्या ठेवा. मार्च २०२० मधल्या तबलीगी जमातच्या बातम्या घ्या आणि त्यासोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा २१ ऑगस्ट २०२० चा निकाल ठेवा. त्या निकालात न्यायालयाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी चालवलेल्या प्रचारावरही बोट ठेवले. रोगाची साथ पसरत असताना भाजीवाल्याचे नाव विचारून त्याला गल्लीबाहेर काढले जात होते, ते त्याच मथळ्यांच्या जोरावर. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला याहून मोठा धडा कोणता? एक प्रश्नपत्रिका यावर काढून पाहा. पदवीचा अर्थच बदलेल.

आता आमच्या समाजाकडे वळतो, कारण दुसऱ्याला बोल लावून आपले दार बंद ठेवणे आम्हाला मंजूर नाही. 'मीडिया विकला गेला आहे' हे वाक्य प्रत्येक निकाहच्या मांडवात ऐकू येते. ते म्हणणाऱ्या बुजुर्गांना आमचा सवाल आहे : आपल्या घरातली किती मुले-मुली वृत्तपत्रविद्येला घातलीत? मुलगा हुशार असेल तर डॉक्टर, इंजिनिअर. त्याहून कमी असेल तर फार्मसी, डी.एड. काहीच जमले नाही तर आखाती देशाचा व्हिसा. मुलगी असेल तर शिक्षिका, बस. संस्था काढणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी गावोगावी डी.एड., बी.एड.ची कॉलेजे उघडली, कारण त्यात पैसा होता. वृत्तपत्रविद्येचा साधा सहा महिन्यांचा वर्ग काढायचे मात्र सुचले नाही.

बाप म्हणतो, पत्रकारितेत पोट भरत नाही. या म्हणण्याला आम्ही हसणार नाही, कारण ते खोटे नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन कमी आणि जाहिराती आणण्याचे ओझे जास्त. पुरवणी निघाली की त्याने बातमी सोडून दुकानदारांच्या पायऱ्या झिजवायच्या. पत्रकारांच्या वेतनासाठीच्या मजिठिया आयोगाच्या शिफारशी सरकारने २०११ मध्ये लागू केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या, तरी अंमलबजावणीसाठी पत्रकारांना पुन्हा न्यायालयाचीच पायरी चढावी लागली. कंत्राटी नेमणुकीने उरलेसुरले संपवले. ज्याच्या घरी दोन वर्षे खायला आहे तोच बिनपगारी उमेदवारी करू शकतो, आणि असे घर कोणाचे असते हे सांगायला नको. पण याच कारणाने समाजाची जबाबदारी वाढते. जकातीचा पैसा मदरशाला जातो, जरूर जावा. जमातखान्याला, दवाखान्याला समाज मुठी उघडून देतो. मग वृत्तपत्रविद्या शिकणाऱ्या गरजू मुलीच्या दोन वर्षांच्या फीला आणि वसतिगृहाला का देत नाही? केंद्र सरकारने २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केली तेव्हा निषेधाची पत्रके निघाली. निषेध योग्यच होता. पण पत्रकापुढे जाऊन स्वतःची एक शिष्यवृत्ती उभी करायला कोणी अडवले होते?

दुसरा अडसर भाषेचा सांगितला जातो. उर्दू माध्यमातल्या मुलाची लेखी मराठी कच्ची राहते, तो मराठी कचेरीत टिकत नाही. खरे आहे. त्याला उपायही आहे आणि तो उर्दू शाळांच्या संचालकांच्या हातात आहे : मराठीचा तास मन लावून घ्या. पण या वादात आपण एका मुलाला विसरतो. तो खेड्यातला, मराठी शाळेत शिकलेला. घरी दखनी, शाळेत मराठी, शुक्रवारी खुतब्याचे उर्दू, एसटी स्टँडवर हिंदी. चार भाषा त्याला फुकटात मिळाल्या आहेत. तो मोहल्ल्यातही जाऊ शकतो आणि मंत्रालयातही. ज्या संपादकाला महाराष्ट्र खरोखर छापायचा आहे त्याच्यासाठी हा मुलगा सोन्याचा तुकडा आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण जगाला सांगितले की मराठी आमचीही आहे. कविता, कथा, आत्मकथन यांत ते सिद्धही झाले. पण कविता वर्षातून एकदा विशेषांकात छापली जाते आणि बातमी रोज छापली जाते. रोजच्या मराठीवर हक्क सांगायचे काम अजून बाकी आहे.

मोहल्ल्यामोहल्ल्यात अलीकडे मोबाइल आणि बूम घेतलेले तरुण दिसतात. स्वतःचे चॅनेल, स्वतःचा लोगो, गळ्यात ओळखपत्र. त्यांच्या धडपडीची आम्हाला कदर आहे. मोठ्या वाहिन्यांनी दार लावल्यावर त्यांनी खिडकी शोधली. पण नगरसेवकाच्या वाढदिवसाची मुलाखत म्हणजे पत्रकारिता नव्हे, आणि आपल्या बाजूची अफवा म्हणून ती खरी ठरत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एका हिंदी वाहिनीने मुसलमान मुले प्रशासकीय सेवेत येणे हाच एक कट असल्याचे कार्यक्रम चालवले आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यांचे पुढचे भाग थांबवावे लागले. त्या खोट्याला उत्तर म्हणून आपले एक खोटे तयार केले, तर उरले काय? आम्हाला मुसलमानांची चांगली बातमी नको, खरी बातमी हवी. ती आमच्या ट्रस्टमधल्या घोटाळ्याची असेल, वक्फच्या जमिनी गिळणाऱ्या आमच्याच मुतवल्लीची असेल, बहिणीला वारसाहक्क नाकारणाऱ्या भावाची असेल, तरी हवी. कागद कसा मिळवायचा, दुसरी बाजू कशी घ्यायची, आकडा कसा तपासायचा, बदनामीचा कायदा कुठे आड येतो, हे शिकावे लागते. त्यासाठीच तर वर्ग असतो.

आणि मुस्लिम पत्रकार म्हणजे मुसलमानांच्याच बातम्या देणारा, हा समज दोन्हीकडून मोडला पाहिजे. कचेरीत एक मुसलमान आला की त्याच्या गळ्यात रमजान आणि इफ्तार बांधून मोकळे होण्याची पद्धत आहे. दानिश सिद्दीकी जामियाच्या त्याच जनसंज्ञापन केंद्रात शिकला. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ मध्ये त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना पुलित्झर मिळाले. २०२१ मध्ये दिल्लीच्या स्मशानांत एकाच वेळी पेटलेल्या चितांची छायाचित्रे त्याने जगाला दाखवली. त्या चिता कोणाच्या होत्या? तो शोक साऱ्या देशाचा होता आणि तो टिपला एका मुसलमान छायाचित्रकाराने. त्याच वर्षी १६ जुलैला अफगाणिस्तानात काम करताना तो मारला गेला. पुढच्या वर्षी मरणोत्तर दुसरे पुलित्झर आले. आमच्या मुलामुलींनी असे पत्रकार व्हावे. कापसाचे भाव, धरणाचे पाणी, पालिकेचे अंदाजपत्रक, शेतकऱ्यांच्या आत्महत्या या साऱ्यांवर त्यांनी लिहावे. मुसलमानाने लिहिलेला धरणाचा वृत्तांत वाचून जिल्ह्याने त्याच्यावर विश्वास ठेवावा. असा विश्वास बसला की दंगलीच्या दिवशीही त्याचा शब्द ऐकला जातो.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. विद्यापीठांनी अभ्यासक्रमात महाराष्ट्रातल्या मुस्लिम समाजाला सणापुरते आणि स्फोटापुरते न ठेवता त्याच्या भाषा, जमाती, धंदे आणि प्रश्नांसकट आणावे. 'दर्पण' आणि 'केसरी'बरोबर 'मूकनायक' आणि 'अल-हिलाल' शिकवावे. संपादकांनी अटक ज्या पानावर छापली त्याच पानावर सुटका छापावी आणि उमेदवारीला पगार द्यावा. आमच्या संस्थांनी प्रत्येक जिल्ह्यात दरसाल निदान दोन मुलांना आणि दोन मुलींना वृत्तपत्रविद्येसाठी उभे करावे, त्यांचा खर्च उचलावा आणि शिकून आल्यावर त्यांनी आमच्याविरुद्ध लिहिले तरी ती मदत थांबवू नये.

ही शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे. पण तिच्याशिवाय बाकीच्या मागण्यांना काही किंमत नाही. ज्या समाजाला स्वतःचा पत्रकार हवा आहे त्याने आधी स्वतःविषयीची खरी बातमी वाचायची तयारी ठेवली पाहिजे. यंदाची प्रवेशपत्रिका भरताना घरातल्या कर्त्या माणसांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.